माझ्या फोटोत टिटवीची अंडी दिसत नाहीत

९ मे
सकाळी भीमरावच्या वावरात. धुऱ्याच्या बांधालगत, उंचवट्यावर टिटवीची चार अंडी, निमुळती टोकं आत. रंग मातीचाच, वर काळे शिंतोडे. शाळेतल्या घरट्याच्या कवितेत कापूस होता, मऊ पिसं होती. इथं ढेकळं, बकरीच्या वाळक्या लेंड्या, काड्या. तरी कवितेहून सरस.
भीमराव खुशीत. "उंचावर घातली आबा, औंदा पानी जोरात!" वखरताना तेवढा तुकडा सोडणार. सगळेच सोडतात.
उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही. दोन फोटोंत माझाच अंगठा.

१० मे
चिखलीचा सलीम, फोटोस्टुडिओवाला, शाळेच्या हॉलमध्ये घरट्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावतोय. बरा आलेला एक धाडला. लगेच फोन. "काका, माती एक नंबर आली. अंडे कुठी हायेत पन?"
सौ.ला दाखवला. तिनं चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. "ढेकळायचा फोटू काढाले एवढ्या उन्हात गेलते का जी?"
जेवण गेलं नाही.

१२ मे
पुन्हा वावरात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. अंड्यांभोवतीचं सगळं वेचून लांब टाकलं, जमीन हातानं साफ केली. तिरप्या उजेडात मग काय रूप आलं! चार थेंब. नव्हे, चार... शब्द सापडत नाही.
सलीम म्हणाला, "वा काका! हाच मोठा करून मधात लावतो." सौ. मोबाईल घेऊन शेजारी दाखवायला गेली. कधी नव्हे ते.

१३ मे
भीमराव दारात. चहा नको म्हणाला.
"आबा, तिथं झाडलोट कोनं केली?"
"मी."
"काऊन? दिवाळी हाय का तिची? रस्त्यावरून दिसून राह्यली ना अंडी. कावळ्याले नाही दिसतीन?"
संध्याकाळी लांबून पाहिलं. टिटवी एकेक खडा चोचीत धरून अंड्यांकडे फेकत होती. मी ओंजळी भरभरून लांब टाकलेलं, ती एकेक...
चिडचिड. कोणावर करायची?

१४ मे
पहाटेच गेलो. अंडी तीन.
कुठलं ढेकूळ कुठं होतं, आठवेना. शेवटी पहिला फोटो उघडला, तो मातीचा. बघून बघून लावत बसलो. मागून सावली पडली. सौ., छत्री घेऊन. फोटोत डोकावली.
"ती लेंडी डाव्या अंगाले हाय, पाहा ना नीट!"
"तुला दिसतंय?"
"आता दिसते." मग, "उरका लवकर. ते बिचारी ओरडून राह्यली."

१५ मे
टिटवी धुऱ्यावर उभी. मी होतो तोवर बसली नाही. परत आलो.
सलीमला कळवलं, साफ केलेला काढ, पहिलाच लाव.
"काका, लोक इचारतीन ना, अंडे कुठी?"
"आहेत म्हणून सांग."
फोन ठेवला. आहेत?
सौ.नं बजावलंय, आता तिकडं फिरकायचं नाही. गेल्याशिवाय कळणार कसं? आणि गेलो, तर बसलेली असली तरी ती उठणार.