मोनालीच्या गुडघ्याखालची उशी

तेलीबांधा, रायपूर
१२ जुलै २००४

चि. शेखर,

आशीर्वाद धाकट्या भावाला आहेत, मोनालीच्या बापाला नाहीत.

फोनवर तू ऐकत नाहीस म्हणून लिहिते. तुझ्या लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथे उत्तम झालं. पुढचं तू बिघडवलंस. "गुडघ्याखाली उशी घे, हलू नको," हे तिला रोज फोनवर कोण सांगत होतं? आता पाय सरळ होत नाही आणि मांडी काडीसारखी झाली आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई मलाच ओरडल्या, "दीदी, ये तकिया किसने रखा?"

उशी मी काढून घेतली. आता टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडी आवळते, मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलते. "आत्या, लई दुखून राहिलं वो," म्हणते. मी म्हणते, "अजून एकदा."

रविवारी तिला न्यायला गाडी आणू नकोस. घरी तू लाड करशील आणि पोट्टी जन्मभर लंगडेल, कबड्डी तर दूरच.

सुनंदाची कंबर कशी आहे? तिला सांग, तिची पोरगी इथे नीट जेवते.

भेटायला जरूर ये. पण ती रडत असताना गप्प बसून बघता येणार असेल तरच. मला ते अजून जमत नाही.

तुझी ताई,
पूर्णिमा