सातवा मणका

अराल समुद्र, उत्तर किनारा
१४ ऑक्टोबर

आजोबा,

तुम्हांला जांदोसचा सलाम. अक्षरावरून ओळखलं असेलच, शाळेपासून तसंच वाकडं आहे.

मी बरा आहे. सादुआकास आगांच्या होडीवर कामाला आहे, म्हणजे होतो. परवापासून ते मला होडीत घेत नाहीत, किनाऱ्यावर बसून जाळी सांधतो. आपली पांढरी उंटीण कशी आहे? न सांगता तिला कुरणात सोडून आलो, त्याला दोन वर्षं झाली. चुकलंच माझं.

इथला मासा अजब आहे. कंबाला म्हणतात. पोळीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. आगांची मुलगी बालझान शाळेत शिकवते. एकदा मासा चिरताना तिनं त्याचा कणाच वर धरला. "हा आणि तुझी उंटीण लांबचे भाऊबंद. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एकच."

आगा म्हणाले, "मग जाळं जाड विणा, उद्या उंटीण अडकायची!"

मी म्हटलं, भाऊबंद कसले? उंटिणीच्या मानेत सात मणके, याला मानच नाही. बालझान हसली. तेव्हापासून... ते राहू दे.

मणक्यांवरून आठवलं. उंटिणीच्या मानेवर माझा हात ठेवून तुम्ही सात पूर्वजांची नावं घोकून घ्यायचा, एका मणक्याला एक. सहाव्यावर हात गेला की ती थुंकायची आणि मी पळायचो.

परवा आगांनी तीच नावं विचारली. बालझानसाठी. आमचं कूळ एकच, सात पिढ्यांत नातं निघालं तर लग्न नाही. सहा धडाधड म्हटली. सातव्याला अडलो.

"सातवा कोण रे? की आभाळातून पडलास?"

घाबरून तोंडात आलं ते बोललो. बोरानबाय.

आगांनी चहाची वाटी खाली ठेवली. "तो आमचाही सातवा." बालझान उठून बाहेर गेली.

नाव मनचं घेतलं, हे मी लगेच कबूल केलं. आगा म्हणाले, "आता तुझ्या तोंडचं काही नको. आजोबांच्या हातचं पत्र आण." बालझान म्हणते, "कंबालाशी नातं असतं तरी चाललं असतं मला, ते फार जुनं."

पण आजोबा, झोप लागत नाही. ते नाव मी खरंच मनचं घेतलं का? की पळता पळता तुमच्याच तोंडून कानावर पडलं होतं?

सातवा कोण, ते कळवा. तोच असेल तर नाव लिहू नका. उंटीण बरी आहे, एवढंच लिहा. मी समजेन आणि तिला चारायला घरी येईन.

सहा नावांपुरता तुमचा नातू,
जांदोस