अर्धा डोस

४ नोव्हेंबर १९२८
मुंबईच्या प्रयोगशाळेतून साहेबांचं पत्र. लेख छापून आला. प्लेगची लस अर्ध्या डोसातही तितकंच काम करते, हे माझं म्हणणं मान्य. यंदा तालुक्यांतूनही तसंच टोचणार. सौ.नं हातावर साखर ठेवली. फार आनंद झाला, खोटं कशाला लिहू!
चार हिवाळे विणकरांच्या गल्ल्यांतून वणवण केली. पुऱ्या डोसानं दोन दिवस ताप, माग बंद, म्हणून लोक पळायचे. अर्ध्याला येऊ लागले. बायकांसाठी पडदा लावायची युक्ती माझीच. पडद्यातून दंड तेवढा बाहेर. लेखात तिचाही उल्लेख आहे.

९ नोव्हें.
नरसव्वा आली, खोकल्याचं औषध न्यायला. तेलुगू विणकर घरातली थोरली सून. म्हटलं, यंदाही सगळ्याजणी या टोचायला.
"यंदा मी न्हाय हां डाक्टरसाब. धाकट्या जावेचा नंबर हाय."
"नंबर कसला?"
"मागल्या साली घरातल्या पाच जणींची मीच घेतली की. रोज एक नाव सांगून. एकीनं उपास केला तर घराला पुण्य लागतंय, मग सुईचं का न्हाय?"
हसत होती बिचारी. मी तक्ता काढला: तिच्या घरच्या पाचही नावांपुढं 'टोचलं' अशी खूण.

१० नोव्हें.
सकाळपासून त्याच गल्ल्यांत दारोदार. कंपाउंडर रामभाऊ बरोबर. बहुतेक घरी तेच: एकीनं सगळ्यांची घ्यायची. ताप येत नाही, मग काय बिघडतं?
मग बाकीच्या वाचल्या कशा? एक म्हातारी म्हणाली, "उंदीर मरून पडले की पलेग आला समजायचं. आमी माळावर झोपड्या टाकतो की."
म्हणजे अर्ध्या डोसानं कुणी वाचलं की नाही, काहीच सांगता येत नाही. तक्ता मातीमोल. गाढवा, चार वर्षं नुसते दंड मोजलेस!
परतताना रामभाऊ: "साहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची. छापून आलंय, आता कोण बघतंय?" त्याच्यावर ओरडलो. माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून जरा जास्तच.

१३ नोव्हें.
साहेबांचं दुसरं पत्र. प्रयोगशाळेत जागा देऊ करताहेत. या लेखावरच. आयुष्यभर जे मागितलं ते.
सौ.ला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकलं तिनं. मग म्हणाली, "पण ती तालुक्यातली माणसं कुणाच्या भरवशावर टोचून घेताहेत?"
लेख मागे घेतो असं साहेबांना लिहिलं. पाकीट बंद केलं. टपालात टाकलं नाही.

१४ नोव्हें.
आजही नाही. भ्याड.

१६ नोव्हें.
मोहोळला उंदीर पडले. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मोठ्या खुशीत: आपल्या लेखाप्रमाणे अर्धा डोस सगळ्या गावाला देऊन झाला. ताप नाही, तक्रार नाही. लोक निर्धास्त. यंदा कुणी गाव सोडून माळावर जायला तयार नाही, टोचलंय म्हणे.
माळावर जाऊन वाचली असती ती माणसं माझ्या लेखामुळं घरात बसलीत. पाकीट टाकलं. साहेबांना तारही केली. जागेचं जे व्हायचं ते होवो. उद्या पहिल्या गाडीनं लस घेऊन मोहोळ.

१७ नोव्हें., मोहोळ
चावडीपुढं उभं राहून सांगितलं. माझी चूक झाली, अर्ध्यावर विसंबू नका, राहिलेला अर्धा घ्या, आजच गाव सोडा. इथले डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे. दोन घरं निघाली. बाकीची बसून.
कडेवर पोर घेतलेली एक बाई पुढं आली. "पयली खोटी हुती व्हय?"
"खोटी नव्हे. पुरेल की नाही, मला माहीत नाही."
"मंग छापलं कसं?"
मी लसीची बाटली उघडली.
"आन् ही दुसरी पुरंल?"
बहुतेक, म्हटलं. खात्री नाही.
हे चावडीच्या पायरीवर बसून लिहितोय. ती समोर नवऱ्याशी बोलत उभी आहे. पोरीचा दंड पदराखाली धरलाय. अजून गेली नाही, टोचायलाही पुढं आली नाही. बाकीचे तिच्याकडंच बघताहेत.