दाराबाहेरच्या चपलांची शिरगणती

२ फेब्रुवारी
वही मिळाली. ट्रस्टची आहे. कव्हरवर एक कुटुंब छापलंय, सगळ्यांचे दात एकसारखे. आमच्या बिल्डिंगमध्ये असे दात एकाचेही नाहीत. ट्रस्टच्या मॅडम म्हणाल्या की आजी, यात रोजचं काम लिहीत जा, ही तुमची तुम्हालाच, आम्ही वाचणार नाही. वाचा की. मी काय कुणाच्या बापाला घाबरते?
जनगणना आहे. सरकारचा माणूस दारोदार येऊन माणसं मोजणार. लोक त्याला दार उघडत नाहीत, म्हणून ट्रस्टने प्रत्येक बिल्डिंगमधून एक शहाणं माणूस घेतलंय, लोकांना समजावायला. आमच्याकडून मी. फॉर्मवर वय अडुसष्ट सांगितलं, शिक्षण चौथी पास. माझ्याशिवाय दुसरं नाव आलंच नाही. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या शिवणवालीचं आलं होतं, पण तेवढ्यात मी हात वर केला.

३ फेब्रुवारी, सकाळी
मी हे का करतेय ते लिहून ठेवते, नंतर कुणी श्रेय लाटायला नको.
मागच्या मोजणीत आमची निम्मी बिल्डिंग ‘घर बंद’ म्हणून लिहिली गेली. घरं बंद नव्हती, माणसं आत श्वास धरून बसली होती! घरमालकाच्या करारात एका खोलीत चार माणसं, आणि राहतात सात. मग कागदावर वस्ती कमी झाली आणि कोपऱ्यावरचा सहा दिवसांचा दवाखाना दोन दिवसांवर आला. मंगळवार आणि शुक्रवार. बुधवारी आजारी पडायची सोय नाही. यंदा आकडा आणखी खाली आला तर कायमचं कुलूप.
सुनेला सातवा महिना आहे. कुलूप लागलं तर तिने एवढं पोट घेऊन दोन बस बदलायच्या. माझी साखर गेली खड्ड्यात, पण नातवंडाने काय बसमध्ये जन्म घ्यायचा? भित्रे मेले! रागाने पेन दाबून लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. एरवी चांगलं आहे.

५ फेब्रुवारी
ट्रेनिंग. तीन तास. एक लॅपटॉपवाला मुलगा भिंतीवर चित्रं दाखवत होता. म्हणे हळू बोला. म्हणे आधी लोकांचं ऐकून घ्या. म्हणे कुणाच्या घरात किती माणसं हे शेजाऱ्याला कळता कामा नये, घरमालकाला तर नाहीच, तसा कायदाच आहे. मला ऐकून घ्यायची गरज नाही, मी सत्तर वर्षं ऐकतेच आहे. म्हणजे अडुसष्ट.
ट्रस्टने पत्रकांचे चार खोके छापलेत. त्यावरही तेच दातवाले. तर शिवणवाली उठून उभी. तिला बोलावलं कुणी? म्हणाली की पत्रकं कमी छापा, मला एक टेबल, चार खुर्च्या आणि चहाची किटली द्या, लोक माझ्याकडे कपडे घेऊन येतातच, तिथेच फॉर्म समजावीन. मॅडमनी लिहून घेतलं. चहा पाजून कुठे माणसं मोजली जातात?
या बाईशी मी अकरा वर्षं बोलत नाही. माझ्या चांगल्या कोटाच्या बाह्या दोन बोटं आखूड केल्या आणि वर म्हणाली की माप तुम्हीच दिलं होतंत. मनगटं अजून गारठतात.

७ फेब्रुवारी
पद्धत सापडली! लॅपटॉपवाल्याच्या डोक्यात शंभर वर्षांत आली नसती.
बेल वाजवली तर दार उघडत नाहीत. पण चपला-बूट बाहेर असतात. माणूस खोटं बोलेल, चप्पल बोलणार नाही. दोन चपला म्हणजे एक माणूस. दुसरा मजला मोजला. अडतीस जोड! मग जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की डावीकडच्या खोलीत सात, समोर नऊ, न्हाव्याकडे सहा, मला सगळं कळलंय, आता लपण्यात अर्थ नाही, बिनधास्त नावं सांगा. लोकांची भीती मोडायला असं स्पष्ट बोलावं लागतं.
बोलणं संपायच्या आत सगळ्या दारांच्या कड्या आतून लागल्या. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं.

८ फेब्रुवारी, दुपारी
मुलगा आणि सून दवाखान्यात. मी जरा पडले होते, तर एक बॅगवाला दारात. घरात किती माणसं राहतात, म्हणून विचारतो! म्हटलं, तुझ्या घरी किती राहतात ते मी विचारायला आले का? घरमालकानेच पाठवलेला असणार. गळ्यात कसलं तरी कार्ड होतं, पण चष्मा आतल्या खोलीत. दोनदा कागद पुढे केला, दोनदा दार आपटलं. तिसऱ्यांदा आलाच नाही.
समाजाचं काम करणाऱ्याला अशी माणसं फार छळतात.

१० फेब्रुवारी
भयंकर! दुसऱ्या मजल्यावर आज अकरा जोड. तीन दिवसांत सत्तावीस माणसं गेली कुठे? वॉचमनला धारेवर धरलं. तो म्हणाला की कुणी सामान घेऊन गेलेलं नाही. मग काय हवेत विरली? झोपतो मेला ड्युटीवर.
तिसऱ्या मजल्यावर एकच चप्पल, डाव्या पायाची. अर्धा माणूस लिहिला.

१२ फेब्रुवारी
ट्रस्टमध्ये जाऊन आकडे दिले. पहिल्या दिवशीपेक्षा रोज कमी. लॅपटॉपवाल्याने विचारलं की आजी, हे आकडे आणले कुठून? पद्धत सांगितली. तो एक ग्लासभर पाणी प्यायला. कौतुक करायची सुद्धा दानत लागते.
घरी आले तर सून म्हणते की आई, तुम्ही जिन्यात ओरडून आकडे सांगता म्हणून लोक चपला आत घेत असतील. सातव्या महिन्यात बाईचं डोकं जरा जड होतं. मी मनावर घेतलं नाही.

१४ फेब्रुवारी
निश्चय: आज हळू बोलायचं. कुणी कितीही मूर्खपणा केला तरी आवाज चढवायचा नाही.
पहिलं दार: कुणी नाही. निश्चय पाळला.
दुसरं दार: न्हावी. दाराच्या फटीतून विचारतो की माझ्याकडे किती राहतात हे मालकाला कळणार तर नाही ना. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं की तुमच्याकडे सहा राहतात हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, मग भीती कसली? तर तो म्हणाला की ठाऊक नव्हतं, तुम्ही सांगितलंत. आणि म्हणाला की माझं नाव लिहून झालंय, चौथ्या मजल्यावर. दार लावलं.
निश्चय तिथेच संपला. दाराला जे बोलले ते इथे लिहीत नाही.
जिन्यात बसून राहिले. तासाभरात नऊ माणसं कपडे घेऊन वर गेली. एका बिल्डिंगचे कपडे एकाच आठवड्यात एवढे कसे फाटतात?

१५ फेब्रुवारी
चौथ्या मजल्यावर गेले. लिफ्ट बंद. गुडघे बोंबलत होते तरी गेले.
दार अर्धं उघडं. ट्रस्टचं नवं टेबल, ट्रस्टच्या खुर्च्या, ट्रस्टची किटली. बसायला जागा नाही एवढी गर्दी. शिवणवाली एकेकाला पडद्यामागे नेते, गळ्यात टेप, आणि माप घेता घेता विचारते की घरी कोण कोण, वय काय, शिकलात किती. अगदी कानाशी. बाहेर ऐकू येईल तर शपथ. मी दाराला टेकून पुष्कळ प्रयत्न केला.
रांगेतली एक बाई दुसरीला म्हणत होती की तीस वर्षं हिला अख्ख्या बिल्डिंगच्या कंबरा माहीत आहेत, पण एकीचा आकडा कधी बाहेर फुटला नाही. हिला सांगायला काय हरकत? दुसरी म्हणाली की नाहीतर ती तळमजल्यावरची. आणि दोघी हसल्या. तळमजल्यावर आम्ही आणि वॉचमन. वॉचमनला उगाच हसतात, गरीब माणूस आहे.
आणि टेबलाशी कोण चहा पीत बसलेलं? तोच बॅगवाला! घरमालकाचा हेर! शिवणवालीने सांगितलेलं सगळं उतरवून घेत होता. मोठा कट आहे हा. उद्याच मॅडमकडे तक्रार.

१६ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या की तोच जनगणनेचा माणूस.
डोकं दुखतंय. आज काही लिहीत नाही.

१७ फेब्रुवारी
ट्रस्टच्या हॉलमध्ये मीटिंग. सगळ्या बिल्डिंगची माणसं. मॅडमनी आमची यादी वाचली. मागच्या मोजणीत एकशे नव्वद, यंदा आतापर्यंत चारशे एकतीस. टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या, शेवटी सुरुवात माझी. मॅडम म्हणाल्या की हा आकडा घेऊन ट्रस्ट स्वतः आरोग्य खात्यात जाणार, दवाखाना बंद होणार नाही, सहा दिवस पुन्हा मागणार. आणखी टाळ्या.
मग लॅपटॉपवाल्याने पुढची ओळ वाचली. नाव नाही वाचलं, तेवढी अक्कल आहे त्याला. म्हणाला की अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त एकच घर असं आहे जिथे माणसं असूनही माहिती द्यायला नकार मिळाला. तळमजला.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

१८ फेब्रुवारी
चूक कुणाची? कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी. त्याने ओरडून सांगायला हवं होतं. दुपारची वेळ. चष्मा कुठे ठेवला ते सूनच विसरली. अशा माणसांना ट्रेनिंग द्यायला नको? हळू बोला, ऐकून घ्या, हे त्याला कुणी शिकवलं नाही.
मुलगा जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. सून बोलली. पोटावर हात ठेवून शांतपणे म्हणाली की आई, दवाखाना ज्याच्यासाठी वाचवायचा होता त्याच्या आईचंच नाव त्या मोजणीत नाही. ओरडली असती तर चाललं असतं.
परवा शेवटचा दिवस. घरातल्या कुणीही एकाने जाऊन तिघांची माहिती दिली तरी चालते. मुलाला म्हटलं, तू जा. तो म्हणाला की नकार तू दिलास, तूच जा.
चौथ्या मजल्यावर? तिच्यासमोर? मरेन पण जाणार नाही. हा निश्चय पक्का.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
गेले होते.
दाराबाहेर चपलांचा ढीग. दुसऱ्या मजल्यावरून नाहीशा झालेल्या सगळ्या तिथे होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या डाव्या चपलेची उजवीही होती. मोजायला बोट वर केलं आणि खाली घेतलं.
बॅगवाला मला बघून खुर्चीतून उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. मी काही केलं नाही. शिवणवालीने पडदा सरकवला. अकरा वर्षं झाली, पण बसा म्हणाली नाही, या म्हणाली नाही. नुसती टेप गळ्यात घातली आणि विचारलं की घरी किती. तीन. मुलाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं. मग माझं वय विचारलं. अडुसष्ट म्हणाले. तिने पेन टेकवलं नाही. टेप खांद्यापासून मनगटापर्यंत धरली आणि बघत राहिली. इतकं कुणी बघत राहिलं तर माणूस काय करणार? चौऱ्याहत्तर म्हटलं. शिक्षण विचारलं. दुसरी म्हटलं. पास का विचारलं. मी पडद्याकडे पाहिलं. तिने लिहून घेतलं.
कोट घेऊन या म्हणाली, बाह्यांच्या आत दुमडलेलं कापड आहे, तेव्हाच आणला असतात तर उसवून बाह्या लांब करून दिल्या असत्या. मी म्हटलं बघू.
बाहेर आले. रांगेतल्या कुणी मान वर करून पाहिलं नाही. दाराशी थोडा वेळ कान देऊन उभी राहिले. आतून काहीच ऐकू आलं नाही.
चपला मात्र मी आत जाताना हातात घेऊन गेले होते. बाहेर ठेवल्या असत्या तर कुणीतरी मोजल्या असत्या.