दहाचे आठ झाले की

नाना, गेल्या महिन्यात तुमची साखळी काढली. धरणाच्या पाण्यात आपली होडी जिला बांधतो ती. तुम्ही जायच्या आदल्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं घातलेली. अकरा वर्षं मी ती राखली. राखली कसली, अडूनच बसले होते. तुमच्यावर रागही आहे माझा, पण तो नंतर.

माझ्या शाळेच्या दिवसांतलं अजून डोळ्यांसमोर आहे: मे महिना आहे, पाणी खाली गेलंय, सिमेंट भरलेला ट्रकचा टायर चिखलात उघडा पडलाय. साखळीचं एक टोक त्या टायरला, दुसरं वर तरंगणाऱ्या निळ्या ड्रमला, आणि ड्रमला होडी. तुम्ही सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी करून आलात आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे आहात. पलीकडच्या काठावर आपलं वावर, रस्त्यानं जायचं तर वळसा घालून अर्धा दिवस जातो, म्हणून ही होडी. दरवर्षी साखळी सोडायची, धुवायची, कडीत कडी बसते तिथं माप घ्यायचं आणि उलटी करून घालायची, म्हणजे तळाशी घासलेला भाग वर येतो. "दहाचे आठ झाले की काढायची," तुम्ही म्हणायचात. दहा मिलिमीटर जाडीची कडी आठावर आली की तिचं काम संपलं. दहावी झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली, मला तुम्ही हे माप घ्यायला व्हर्निअर दिलात. दोन दिवस रुसले होते मी. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी तुम्ही साखळी माझ्यावर सोपवलीत. खालच्या कड्या कुजक्या चिखलात होत्या, वास मारत होता. मी वरच्या तेवढ्या मोजल्या आणि ऐटीत सांगितलं, "सगळ्या नऊच्या वर आहेत." तुम्ही चिखलात हात घातलात, तळाची कडी ओढून माझ्यापुढे धरलीत. "ही मोजली?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग सगळ्या कशाला म्हणली? होडी सुटली तर तुझी आई तिच्यामागं पाण्यात उतरंल. तिला पवता येत नाय." आवाज चढला नव्हता, तरी मी रडले. जेवताना मात्र माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकलात आणि भाताकडे बघत म्हणालात, "काटे बघून खा."

तुम्ही गेल्यावर दर मे महिन्यात मी गंगापूर रोडवरच्या माझ्या घरून स्कूटर काढते आणि गावी येते. आधी सगळं तुमच्यासारखं केलं. मग तळाच्या कड्या आठावर आल्या, तेव्हा तेवढ्याच कापून काढल्या आणि उरलेली जोडून घेतली. भाऊ म्हणाला, "नवी टाक की, किती बाऊ करतेस." मी त्याच्यावर अशी काही उखडले की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. गेल्या वर्षी माप सात आलं. मी दोनदा घेतलं, सातच. आणि आईला सांगितलं, "अजून एक पावसाळा निघेल." नाना, ह्या वेळी मी तळाची कडी मोजली होती, तरी खोटं बोलले. मग पावसाळाभर खिडकीबाहेरचं झाड हललं की आईला फोन. "होडी आहे ना जागेवर?" "हाय गं बाई, कुठं जाती ती."

ह्या मे महिन्यात आई माझ्याबरोबर खाली आली. वाकून तिनं एक कडी बोटांत धरली. "ही तर बांगडीएवढी बारीक राहिली. मागल्या साली मोजली व्हती ना तू?" मी म्हटलं, "मोजली होती. सात होती." ती दगडावर बसली. मग म्हणाली, "तुझ्या नानांनी कवाच भंगारात टाकली असती. लोखंडाला त्यांनी कधी जीव लावला नाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सातपूरला जाऊन नवी साखळी आणली. साखळी टायरला अडकवणाऱ्या शॅकलची पिन फिरू नये म्हणून तुम्ही शिकवलं तशी तारेनं आवळून बांधली. जुनी आईनंच भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. मी तिकडे बघितलं नाही. तुमच्यावर राग ह्याचा की एवढं सगळं शिकवलंत, पण तुमच्या हातची वस्तू टाकायची वेळ आली की काय करायचं, ते सांगितलं नाहीत.

मागच्या मंगळवारी दुपारी वादळ आलं. कॉलनीत पत्रे उडाले, दोन झाडं पडली. मी गॅलरीतले कपडे काढले, खिडक्या लावल्या, चहा केला. संध्याकाळी आईचा फोन आला, लोणच्याच्या कैऱ्या कधी नेतेस म्हणून. तेव्हा लक्षात आलं की दुपारभर मला होडी आठवली नाही. तुम्हीही नाही. अकरा वर्षं वारा सुटला की तुम्ही यायचात, पॅन्ट दुमडून चिखलात उभे. त्या दिवशी आला नाहीत. कैऱ्यांचं बोलून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते. होडी पक्की बांधली आहे, आई सुखरूप आहे, आणि मला ती सातावर आलेली साखळी परत हवी आहे.