सुदर्शनच्या घरी राहण्यासाठी अर्ज

मी, सत्यशीला वैजनाथ काळबांडे, वय ४७, नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला स्वतःला अधूनमधून शंका येते, पण त्यांच्या शब्दावर पुढे जाते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकटा भाऊ सुदर्शन शेजारी बसून "झालं का?" असे विचारतो आहे, तो दबाव धरू नये.

मरणाची घाई नाही. पण सुदर्शन एक्केचाळीस वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे, आई-वडील गेले आहेत आणि त्याची कायदेशीर पालक मी आहे. माझ्यानंतर कोण, या एका प्रश्नासाठी हा सगळा कागद आहे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

१. धायरीची दोन खोल्यांची सदनिका माझ्या नावावर आहे. ती मी सुदर्शनला देते. आधीच्या मसुद्यात मी ती आमचा थोरला भाऊ संतोष याला, "सुदर्शनला आमरण सांभाळावे" या अटीवर दिली होती. तो मसुदा मी फाडला. कारण कलम ४ मध्ये आहे.

२. कपाटातील हिरवी फाइल संतोषची मुलगी आम्रपाली हिला द्यावी. तिच्यात सुदर्शनची दोन प्रमाणपत्रे आहेत. दुसरे चालते. पहिले चालत नाही, पण फेकू नये.

वडील होते तोवर आम्ही प्रमाणपत्रासाठी अर्जच केला नाही. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षे काढूनही त्यांची वऱ्हाडी सुटली नव्हती. "माह्या पोराले सरकारनं कायले मोजावं?" असे म्हणून ते विषय संपवत. ते गेल्यावर आई आणि मी सुदर्शनला नवा शर्ट घालून सरकारी रुग्णालयात नेले. त्याची चाचणी लवकर आटोपली. मग तिथल्या मॅडम आम्हालाच विचारू लागल्या. स्वतः अंघोळ करतो? हो. कपडे घालतो? हो. एकटा दुकानात जातो? हो. प्रत्येक उत्तराला आईची मान ताठ होत होती, जणू स्थळ बघायला माणसे आली होती. मीही काही कमी नव्हते. "हो" म्हणताना मला छान वाटत होते, हे इथे कबूल करते.

पंचवीस टक्के अक्षमता आली. चाळीसच्या खाली ना विमा, ना बसचा पास. संतोष म्हणाला, "शाळेत दरवर्षी नापास झाला, आणि नेमका इथे हुशार निघाला."

मी कॉलेजपासून रोजनिशी लिहिते. त्या आठवड्यात मागच्या वह्या काढल्या. "आज सुदाने स्वतः अंघोळ केली," असे एका पानावर होते. खाली त्याच शाईत: पाणी मी विसणून दिले, साबण हातात दिला, दाराबाहेरून "आता पाय" असे सांगितले. अशी पाने शेकड्यांनी निघाली. मी खोटे बोलले नव्हते. पण प्रत्येक "हो"च्या मागे मी उभी होते, आणि स्वतःलाच हिशेबात धरायला विसरले होते.

दुसऱ्या वेळी मी वह्या घेऊन गेले आणि मॅडमनी विचारले तसे वाचून दाखवले. आई खिडकीबाहेर बघत बसली. परतताना मला वाटत राहिले की एका प्रमाणपत्रासाठी मी माझ्या भावाला चारचौघांत लहान केले. त्याचे उत्तर मला अजून नीट सापडलेले नाही. सुदर्शनला मात्र लगेच सापडले. या वेळी पंचाहत्तर टक्के आले होते. तो कामाला जातो त्या पिठाच्या गिरणीत त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितले, "मला पंचाहत्तर टक्के पडले. ताईला दहावीत एकाहत्तर होते." आईने पेढे वाटले. आकडे दोन्ही खरे होते.

३. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. सबब गिरणीच्या मालकीण विजयमालाबाई पासलकर यांना मी काहीही देत नाही. माझे पुरणयंत्र चार होळ्यांपासून त्यांच्याकडे आहे, त्याबद्दल मी मौन पाळते. "सुदा हाय म्हणून कुणाचा डबा बदलत न्हाई," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या वाक्यापोटी यंत्र त्यांनी आणखी वापरावे.

४. आई गेल्यावर पालकत्वासाठी मी जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज केला. सुनावणीला संतोषही आला होता. "त्याला काय विचारायचं, त्याला काय कळतंय," हे वाक्य संतोषने लहानपणापासून इतक्या वेळा म्हटले आहे की त्याचा राग मी एक स्वतंत्र मिळकत म्हणून जपला आहे. त्या दिवशी तो जिन्यात ते पुन्हा म्हणाला. आत गेल्यावर टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना गप्प बसवले आणि सुदर्शनला विचारले, "तुम्ही कोणाकडे राहता?"

सुदर्शन म्हणाला, "मी माझ्या घरी राहतो. ताई माझ्याकडे राहते."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर संतोष म्हणाला, "बरोबर बोलला तो." घरी येऊन मी मसुदा फाडला. ज्याला मी कोणाच्या तरी घरी ठेवायची सोय करत होते, तो त्याच्या हिशेबाने घरमालक होता.

वरील राग मी या कलमान्वये संपुष्टात आणते. संतोषला या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते आणि वडिलांची हत्यारांची पेटी देते. तिच्यातला मोठा पाना त्याने आधीच नेला आहे, तो परत आणून पेटीत ठेवावा आणि मग पेटी न्यावी.

५. बँकेतील ठेवी सुदर्शनच्या खर्चासाठी. पालकाने त्याचा तपशील दरवर्षी समितीला द्यावा. आरोग्य विम्याचे नूतनीकरण विसरू नये. "आता पाय" हे दाराबाहेरूनच सांगावे, आत जाऊ नये. त्याला आवडत नाही.

६. माझ्या रोजनिशीच्या वह्या कोणी वाचू नयेत. सुदर्शनविषयीच्या पानांना मी खुणा लावल्या आहेत, तेवढी वाचावीत. आम्रपाली सगळ्या वाचणार हे मला माहीत आहे.

७. आता मुख्य प्रश्न. पालकत्व मृत्युपत्राने देता येत नाही; त्या वेळी समितीच ठरवेल. म्हणून ही माझी फक्त शिफारस आहे, आणि ती मी एकटीने केलेली नाही.

आम्रपाली सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, दर रविवारी आमच्याकडे येते. "तुझ्यानंतर मी बघेन काकाकडे," असे ती आपणहून म्हणाली. मी म्हटले, मला नको सांगूस, त्याला विचार. तिने विचारले, "सुदाकाका, आत्या नसेल तेव्हा मी इथे राहायला येऊ?"

"अर्ज कर," सुदर्शन म्हणाला. ती हसली. तो हसला नाही. "दोन फोटो लागतात. आणि झेरॉक्स."

"कसली झेरॉक्स?"

"सगळ्याची."

पुढच्या रविवारी तिने अर्ज आणला. त्याने तो उलटसुलट पाहिला, फोटो मोजले आणि तिला पुढच्या रविवारी यायला सांगितले. ती आली. त्याने तिला समोर बसवले.

"स्वतः अंघोळ करते?"

"हो."

"एकटी दुकानात जाते?"

"हो."

"पोळ्या येतात?"

आम्रपालीने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. "नाही येत, काका," ती म्हणाली.

सुदर्शनने बराच विचार केला. "चालेल," तो म्हणाला. "सांगावं लागेल."

ग्रंथालयातून बाद झालेला तारखेचा शिक्का त्याच्याकडे आहे, तो त्याने अर्जावर मारला. शिक्क्यातली तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे, ती ग्राह्य धरू नये. मंजुरी ग्राह्य धरावी.

हे मृत्युपत्र मी सुदर्शनला वाचून दाखवले. घराचे कलम त्याने दोनदा वाचायला लावले आणि ते आधीपासून तसेच असल्याचे सांगितले. यापूर्वीचे सर्व मसुदे रद्द.

ठिकाण: धायरी, पुणे
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) सत्यशीला वैजनाथ काळबांडे

आमच्यासमोर सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. विजयमाला पासलकर, गिरणी चालक, धायरी
२. डॉ. ऋषी मेहेंदळे, धायरी

सोबत: कु. आम्रपाली संतोष काळबांडे यांचा राहण्यासाठीचा अर्ज, फोटोंसह. खाली सुदर्शन वैजनाथ काळबांडे, घरमालक, यांची सही व अंगठा. एकावर भागत नाही असे त्यांचे म्हणणे.