पाण्याची घंटा

४ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उन्हाने डोकं उठवलंय, पण तुझा भाऊ मुख्याध्यापक म्हणून शोभतो हे आता तरी कबूल कर. दुपारी मैदान बंद केलंय आणि पाण्याची घंटा सुरू केलीय. ती झाली की पोरं व्हरांड्याच्या सावलीत बसून पाणी पितात. भारी लबाड आहेत, बाटली तोंडाला लावून नुसतं नाटक करतात. म्हणून शिक्षकांनी समोर अंगणात उभं राहायचं आणि सगळी पिऊन होईपर्यंत हलायचं नाही, असा नियमच केलाय. आमच्या खेळाच्या बाई त्यात पटाईत. त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणतात. त्यांच्यापुढे नाटक करायची कुणाची टाप नाही. अजून एकाही पोराला भोवळ आलेली नाही.

गुडघ्यांचं कळव. चिडलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
छोटू

११ एप्रिल

चि. छोटूस, अ. आ.

शोभतोस हो, पण टोपी घालतोस की टक्कल मिरवत हिंडतोस? गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरते, आमचं बरं जमतं.

जन्मभर नर्स होते, त्या सवयीने एक विचारते. पोरं सावलीत पितात, मग उन्हात उभे राहणारे शिक्षक कधी पितात? तेवढं लगेच कळव.

माया आहेच, ती काय लिहायची?

तुझी ताई

१९ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

शिट्टीबाईंना शेवटचा निरोप देऊन घरी आलो, तर दारात तुझं पत्र.

घंटेच्या वेळीच त्या अंगणात कोसळल्या. अंगाला हात लाववत नव्हता. सावलीत नेलं, पाणी ओतलं, दवाखाना गाठला. डॉक्टर उष्माघात म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यांची बाटली शिक्षकांच्या खोलीत भरलेलीच होती. कोसळल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, मध्येच आत जाऊन दोन घोट घेतले तर चालेल का. मी म्हणालो, "आधी पोरं." त्या बरं म्हणाल्या.

रडू येत नाही. जेवतो, झोपतो, काहीच वाटत नाही. शाळा सोडायचं ठरवलंय.

छोटू

२५ एप्रिल

चि. छोटूस, अ. आ.

चूक तुझी आहे. नाही म्हणून तुला फसवणार नाही. पण तू निघून गेलास तर उद्याची घंटा तुझ्याच नियमाने होईल. आधी तो बदल, मग सोडायची तर खुशाल सोड. रडू येईल तेव्हा येईल. जेवत राहा.

तुझी ताई

३ मे

ती. ताईस, सा. न.

नियम बदलला. आता शिक्षकही सावलीत बसून पितात. पहिल्या दिवशी मी स्वतः बसलो. घंटा झाली, पोरांनी बाटल्या उघडल्या आणि तशाच हातात धरून बसली. मला वाटलं, झालं यांचं नाटक सुरू. रागावलोसुद्धा. तेव्हा पुढची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आधी तुम्ही प्या."

सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बाटली उघडली. प्यायलो. मग पोरं प्यायली.

रोज तसंच होतं. म्हणून रोज जातो.

तुझा,
छोटू